डाव्या स्केटची आतली कड

आइस हॉकीत गोलकीपरचे काम पक, म्हणजे खेळातली रबराची चकती, अडवण्याचे असते असे पाहणाऱ्याला वाटते, पण उभे राहणाऱ्याला लवकरच कळते की त्यातला मोठा भाग वेळेत जागा बदलण्याचा आहे. गोलची चौकट सहा फूट रुंद आणि चार फूट उंच असते. पक डावीकडच्या खेळाडूकडून उजवीकडच्या खेळाडूकडे गेला, की तो तिथून सुटण्याच्या आत गोलकीपर तिथे पोचलेली असावी लागते, आणि हे पोचणे दुसऱ्या पायाच्या ब्लेडच्या आतल्या कडेने बर्फाला दिलेल्या एका रेट्यावर अवलंबून असते. ही कड इतकी बारीक असते की तिची धार अंगठ्याच्या नखावर घासून तपासावी लागते. बेळगावातून या खेळात उतरून मी जी दहा वर्षे काढली, त्यांतले पहिले तीन हिवाळे माझ्या डाव्या स्केटच्या अशाच एका कडेने खाल्ले, आणि पुढची काही वर्षे तिने शरीराला लावलेली खोड काढण्यात गेली. आमच्या भागातली जी मुले-मुली आज चाकांवरून बर्फावर जाण्याचा विचार करत आहेत, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आमचे घर वडगावात. आप्पांचे चार यंत्रमाग घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये चालत असत आणि मंगाई देवीच्या यात्रेचे दिवस सोडले तर त्यांचा आवाज कधी थांबल्याचे मला आठवत नाही. आठ वर्षांची असताना शाळेतल्या सरांनी मला चार चाकांच्या स्केटवर उभे केले. बेळगावात स्केटिंगचे वेड जुने आहे. सुट्टीत पहाटे मोकळ्या रस्त्यावर शंकूंच्या रांगा मांडून मुलांना वळणे शिकवणारे प्रशिक्षक इथे नेहमीच दिसतात. पंधराव्या वर्षी मी इनलाइन हॉकीकडे, म्हणजे एका रांगेत चाके असलेल्या स्केटवरच्या हॉकीकडे, वळले, आणि संघातली गोलकीपर नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा एका सरावापुरती तिच्या जागी उभी राहिले ती कायमचीच. पुढे सहा वर्षे राज्याच्या संघातून मी चाकांवर गोल सांभाळला.

ऑक्टोबर २०१५ मध्ये मी पहिल्यांदा बर्फावर उभी राहिले ती गुरुग्रामच्या एका मॉलमधल्या लहान रिंकवर. संघातल्या आम्ही तिघी इनलाइनच्या एका स्पर्धेसाठी दिल्लीला गेलो होतो आणि परतीच्या गाडीला एक दिवस अवकाश होता. चाकांवरची बारा वर्षे पाठीशी असल्यामुळे पुढे जाणे, वळणे, मागे सरकणे हे सारे पंधरा मिनिटांत जमले. जमले नाही ते थांबणे. इनलाइनचे चाक फक्त आपल्या दिशेने फिरते, आडवे घासत नाही; म्हणून चाकांवर थांबायचे तर वळावे लागते किंवा मागचा पाय ओढावा लागतो. बर्फावर दोन्ही ब्लेड एकदम आडवी करायची, वजन खाली दाबायचे, आणि ब्लेडने बर्फाचा पातळ थर खरवडत जागच्या जागी उभे राहायचे. माझ्या पायांना आडवे होण्याची भीती बसलेली होती, कारण चाकांवर आडवे होणे म्हणजे पडणे. ही भीती जायला पुढचा संपूर्ण हिवाळा लागला.

दोन्ही खेळांत दिसायला फारसा फरक नाही, परंतु गोलकीपरच्या दृष्टीने तो मोठा आहे. इनलाइनमध्ये गोलकीपरखेरीज चार खेळाडू असतात, बर्फावर पाच. इनलाइनचा पक हलका असतो; बर्फावरचा पक तीन इंच व्यासाच्या आणि एक इंच जाडीच्या कडक रबराचा, १५६ ते १७० ग्रॅम वजनाचा असतो. क्रिकेटचा चेंडूही साधारण तेवढ्याच वजनाचा असतो, म्हणून घरच्यांना समजावताना मी तीच तुलना देत असे. सामन्याआधी हे पक गोठवून ठेवतात, कारण रबर उबदार असले की ते बर्फावर उसळते. सर्वांत मोठा फरक गुडघ्यांवर बसण्याचा. दोन्ही गुडघे खाली टाकून पोटऱ्यांवरची पॅड दोन्ही बाजूंना पसरायची, म्हणजे गोलचा खालचा भाग बंद होतो. या पद्धतीला बटरफ्लाय म्हणतात. चाकांच्या खेळातल्या फरशीवर पॅड अडकतात आणि गोलकीपर जिथे बसते तिथेच राहते. बर्फावर मात्र त्या बसलेल्या स्थितीतही एका पायाची कड रोवून रेटा दिला की सगळे शरीर या खांबापासून त्या खांबापर्यंत घसरत जाते. गुरुग्रामच्या त्या रिंकवर एका अनोळखी मुलीला मी हे करताना पाहिले आणि परतीच्या गोवा एक्सप्रेसमध्ये बेळगाव येईपर्यंत दुसरा विषय माझ्या डोक्यात आला नाही.

भारत आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य झाला तो १९८९ मध्ये. पुरुषांचा संघ २००९ मध्ये अबुधाबीच्या आशियाई चॅलेंज चषकात उतरला, आणि महिलांचा संघ २०१६ मध्ये तैपेईला पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामने खेळला. म्हणजे मी या खेळात आले तेव्हा आमच्या देशातला महिलांचा खेळ नुकताच उभा राहत होता. संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या होत्या आणि ते साहजिकच होते. त्यांच्या घरामागची तळी डिसेंबरात गोठत, आणि त्या तळ्यांवर त्या चालायला शिकल्यानंतर लगेच स्केटवर उभ्या राहिलेल्या असत. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, बँकॉकला या संघाने फिलिपिन्सला ४-३ असे हरवून पहिला विजय मिळवला, ती बातमी मी शेडमध्ये मागांच्या आवाजात मोठ्याने वाचून दाखवल्याचे आठवते. आप्पांना खेळातले काही कळत नसे, पण त्यांनी माग थांबवला होता.

गोलकीपरचे साहित्य हा पहिला अडसर. पायांची पॅड, छातीचे कवच, पकडण्याचा हातमोजा, अडवण्याचा हातमोजा, मुखवटा, रुंद पात्याची स्टिक आणि स्केट असा नवा संच घ्यायचा तर खर्च लाखाच्या पुढे जातो. मी परदेशातून आलेले वापरलेले साहित्य तीन वेगवेगळ्या लोकांकडून जमवले, आणि त्यासाठी आप्पांनी एका मागाचे काही महिन्यांचे उत्पन्न बाजूला काढून दिले. त्या वेळी ते एवढेच म्हणाले, "काय करालीस ते नीट कर. अर्ध्यावर सोडू नको म्हंजे झालं." स्केट माझ्या मापापेक्षा अर्ध्या नंबराने मोठे होते, दोन मोजे घालून ते बसवले. पुढचा हिवाळा जवळ आला होता म्हणून दिल्लीतून जाताना एका दुकानात त्यांना धार लावून घेतली. त्या दुकानात चाकू-कात्र्यांपासून सगळ्याला धार लावली जात असे. स्केटच्या ब्लेडला धार लावणे हे वेगळे काम आहे, याची मला त्या वेळी कल्पना नव्हती.

जानेवारी २०१६ मध्ये मी लेहला उतरले. त्या काळी हिवाळ्यात रस्ते बर्फाने बंद असत, त्यामुळे विमानाशिवाय पर्याय नसे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, लेह साडेतीन हजारांवर. तिथे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने दोन-तृतीयांशच असतो. पहिले तीन दिवस अंथरुणात पडून गरम पाणी पिणे एवढेच काम होते, आणि ज्यांनी तो नियम मोडला त्यांना डोकेदुखी आणि उलट्यांनी आणखी चार दिवस घालवावे लागले.

तिथल्या बर्फाबद्दल थोडे लिहायला हवे, कारण आपल्याकडच्या माणसाला रिंक म्हटले की यंत्राने गोठवलेली फरशी डोळ्यांसमोर येते. मी गेले त्या वर्षी आम्ही नैसर्गिक बर्फावर खेळलो. कारझूच्या तळ्यावर आणि नवांग दोर्जे स्तोब्दन मैदानावर रात्री पाणी सोडून बर्फ तयार केला जात असे. पाणी एकदम ओतून चालत नाही. पातळ थर सोडायचा, तो गोठू द्यायचा, मग दुसरा. घाई केली तर वरचा थर आधी गोठून खाली हवा अडकते आणि त्या जागी दुसऱ्या दिवशी ब्लेड खचते. भेगा पडल्या असतील तिथे भुसभुशीत बर्फात पाणी कालवून तो लगदा भरायचा. आमच्या संघाची पाळी एकदा रात्री दहाला आली. उणे पंधराच्या आसपास तापमान होते, नळीचे तोंड सारखे गोठत होते, आणि एका स्थानिक आजोबांनी आम्हाला नळी जमिनीला समांतर कशी धरायची हे हाताला धरून शिकवले. सकाळी त्याच बर्फावर आम्ही खेळलो. आपण स्वतः घातलेल्या बर्फावर खेळताना त्याच्यावरचा प्रत्येक ओरखडा वेगळा दिसतो.

त्या हिवाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन हिवाळ्यांत माझ्यावर झालेल्या गोलांची नोंद मी एका वहीत ठेवली आहे. सामने फार नव्हते; राज्याचा संघ तीन-चार सामने खेळून परतत असे. पण वही उघडून पाहिली तर कोणालाही दिसावे अशी एक गोष्ट तिच्यात होती. तीन गोलांपैकी दोन तरी माझ्या उजव्या बाजूने, म्हणजे स्टिक धरलेल्या हाताच्या बाजूने झालेले होते, आणि तेही पक डावीकडून उजवीकडे पास झाल्यावर. मी याचा अर्थ असा लावला की माझी नजर उशिरा फिरते. त्यानुसार दोन उन्हाळे मी नजरेवर काम केले. भिंतीवर टेनिसचे चेंडू मारून घेतले, रंगीत चेंडू ओळखण्याचे सराव केले, पहाटे धावले. पुढच्या जानेवारीत पुन्हा उजवीकडूनच गोल होत राहिले.

जानेवारी २०१८ मध्ये मला निवडीसाठीच्या एका शिबिरात बोलावणे आले. तिसऱ्या दिवशी एका लडाखी प्रशिक्षकांनी मला गोलच्या समोरच्या निळ्या पट्ट्यात दहा वेळा डावीकडून उजवीकडे आणि दहा वेळा उजवीकडून डावीकडे जायला सांगितले. ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी मला बसवून डावा स्केट काढायला लावला, तो उलटा धरला आणि ब्लेडवर एक सपाट पट्टी आडवी ठेवली. पट्टी एका बाजूला कललेली होती, आणि ते माझ्या डोळ्यांनाही स्पष्ट दिसत होते.

ब्लेडचा तळ सपाट नसतो. त्याच्या लांबीभर मधोमध एक पन्हळ कोरलेली असते, आणि पन्हळीच्या दोन्ही काठांना दोन धारा तयार होतात: एक आतली, एक बाहेरची. चालताना, वळताना, रेटा देताना खेळाडू या दोहोंपैकी एका धारेवर असतो. दोन्ही धारा एकाच उंचीवर असल्या पाहिजेत. माझ्या डाव्या स्केटची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा खाली बसली होती, कारण पहिल्यांदा धार लावताना ब्लेड चाकाच्या मध्यावर धरलेच गेले नव्हते, आणि नंतर ज्यांनी ज्यांनी धार लावली त्यांनी तोच कल पुढे चालवला. उजवीकडे जाण्यासाठी डाव्या पायाच्या आतल्या कडेने रेटा द्यावा लागतो. ती कड बर्फ पकडत नव्हती, म्हणून माझ्या शरीराने आपली आपण एक युक्ती काढली होती: रेटा देण्याआधी कंबर किंचित बाहेर झुकवून कड बर्फात रोवायची. त्या झुकण्यात वेळ जात होता. प्रशिक्षकांनी मला समजावले की स्केटचा दोष एका तासात निघेल, परंतु तो आता माझ्या कमरेत उतरला आहे आणि तिथून निघायला वर्ष-दोन वर्षे लागतील. माझी निवड झाली नाही. निर्णय योग्य होता, आणि तीन हिवाळ्यांत कारण दाखवून देणारे ते पहिलेच होते म्हणून मी त्यांची ऋणी आहे.

बेळगावला परतल्यावर मी उद्यमबागेत मामांकडे गेले. उद्यमबाग म्हणजे आमच्या शहराची कारखान्यांची वस्ती; ओतकाम, यंत्रभाग, हायड्रॉलिकची कामे तिथल्या लहान-मोठ्या शेडांमध्ये चालतात. मामा तिथल्या एका लहान कारखान्याच्या टूल रूममध्ये तीस वर्षे ग्राइंडिंग करत होते. त्यांनी स्केट हातात घेतला, ब्लेडवर गुण्या, म्हणजे काटकोन तपासण्याचे साधन, टेकवला, उजेडाकडे धरून फटीतून पाहिले आणि म्हणाले, "ह्याला चाकूवाल्यानं हात लावलाय. हे चाकूचं काम न्हवं गं पोरी, ह्याला दोन धारा हाईत की."

पुढचे दोन महिने दर रविवारी आम्ही त्यावर खपलो, आणि हा भाग मला सर्वांत प्रिय आहे. पहिला विचार असा होता की ब्लेड सरफेस ग्राइंडरच्या टेबलावर आवळून पन्हळ मारावी. मामांनी आवळलेही, पण चाक सुरू करण्याआधीच ते थांबले. ब्लेड लांबीच्या दिशेने सरळ नसते, होडीच्या तळासारखा त्याला थोडा बाक असतो. गोलकीपरचे ब्लेड इतर खेळाडूंपेक्षा बरेच सपाट असले तरी बाक असतोच. टेबल सरळ रेषेत चालले असते तर तो बाक कापला गेला असता आणि स्केट कायमचा निकामी झाला असता. तेव्हा मामांनी एक जुना ग्राइंडर घेऊन त्याचा स्पिंडल उभा केला, म्हणजे चाक जमिनीला समांतर फिरू लागले. त्याच्यासमोर गुळगुळीत घासलेली लोखंडी पाटी बसवली. स्केट आडवा आवळून धरणारे एक जिग तयार केले, ज्याला खालून उंची कमी-जास्त करण्याचा स्क्रू होता. जिग पाटीवर हाताने सरकवत न्यायचे, ब्लेड चाकाच्या कडेला टाचेपासून बोटापर्यंत हलके टेकवत न्यायचे. हात ब्लेडच्या बाकाबरोबर फिरतो, त्यामुळे बाक शाबूत राहतो.

पन्हळीचा आकार चाकाच्या कडेवरून येतो. मामांनी डायमंडचे टोक एका लहान भुजेवर बसवून ते अर्ध्या इंचाच्या त्रिज्येने फिरेल अशी सोय केली, आणि त्याने चाकाची कड गोलाकार करून घेतली. गोलकीपरच्या ब्लेडची जाडी चार मिलिमीटरच्या आसपास असते. अर्ध्या इंचाची त्रिज्या त्यावर उतरली की पन्हळीची खोली जेमतेम मिलिमीटरच्या सहाव्या भागाइतकी होते. त्रिज्या लहान घेतली तर पन्हळ खोल होते, धार जास्त चावते पण घसरायला जड जाते. त्रिज्या मोठी घेतली तर उलट. लेहचा बर्फ कडाक्याच्या थंडीत दगडासारखा घट्ट असतो आणि यंत्राने गोठवलेला बर्फ त्या मानाने मऊ, म्हणून दोन ठिकाणांसाठी दोन वेगळ्या त्रिज्या लागतात, हे आम्हाला पुढच्या दोन वर्षांत चुकत चुकत समजले. शेवटी ऑइलस्टोनने बाजूंची कीस काढायची, गुण्या लावायचा, आणि अंगठ्याचे नख दोन्ही धारांवर वेगवेगळे फिरवायचे. दोन्हीकडून नखाचा सारखाच भुगा निघाला पाहिजे.

पावसाळ्यात या ब्लेडना जपणे हेही एक काम होते. बेळगावचा पाऊस जूनमध्ये सुरू झाला की घरातले कुलूपही गंजते. आम्ही ब्लेड मागाच्या तेलाने माखून, फडक्यात गुंडाळून, तांदळाच्या डब्याशेजारी कोरड्या जागी ठेवत असू, कारण आईच्या मते घरातली सर्वांत कोरडी जागा तीच होती.

स्केट दुरुस्त झाला, कंबर राहिली. वर्षातले दहा महिने बर्फ मिळत नाही, मग बर्फावरची खोड बर्फाशिवाय कशी मोडायची, हा खरा प्रश्न होता. शिव केशवन यांनी लूजच्या, म्हणजे बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याच्या खेळातल्या, घसरगाडीला चाके लावून हिमालयातल्या रस्त्यांवर सराव केला आणि १९९८ ते २०१८ या काळात सहा हिवाळी ऑलिंपिक खेळले, हे मी वाचले होते. त्यांना उतार हवा होता. मला आडवी जागा हवी होती. उद्यमबागेतूनच जाड, कडक पॉलिथिनचे आठ बाय चार फुटांचे दोन तक्ते मिळाले. तोपर्यंत आप्पांच्या चारपैकी दोन माग बंद पडले होते. त्यांची रिकामी झालेली जागा झाडून, जमीन पाण्याच्या पातळीने तपासून, त्यावर आम्ही ते तक्ते बसवले आणि शेजारी भिंतीला आरसा टांगला. ग्लिसरीन आणि पाण्याचे मिश्रण शिंपडले की त्यावर ब्लेड बऱ्यापैकी सरकते. बर्फाइतके कधीच नाही, आणि प्लॅस्टिकवर धार फार लवकर बोथट होते, पण रेटा देण्याची क्रिया तीच राहते.

रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर मी तिथे पाऊण तास काम करत असे. मी एका शाळेत क्रीडाशिक्षिका होते आणि हिवाळ्यासाठी दीड महिना बिनपगारी रजा घेत असे. ती मिळावी म्हणून वर्षभर इतरांच्या तासांची बदली करून द्यावी लागे. आरशात पाहून डावीकडून उजवीकडे जायचे, कंबर झुकली की थांबायचे, मागे यायचे, पुन्हा. एका वेळी दहा-बारा चांगल्या हालचाली झाल्या की मी थांबत असे, कारण थकल्यावर शरीर जुन्या वळणावर जाते आणि मग आपण जुनीच खोड पक्की करत बसतो. जानेवारी २०१९ मध्ये लेहला गेल्यावर सामन्याच्या धांदलीत कंबर पुन्हा झुकली, आणि वहीत पुन्हा उजवीकडचे गोल भरले. मी फार निराश झाले. मामा म्हणाले, "तीन वर्सं वाकडं घासलंय. सरळ व्हायला तेवढंच लागंल की."

जानेवारी २०२० मधला एक सामना मला आजही मिनिटामिनिटाने आठवतो. तो महाराष्ट्राच्या संघाविरुद्ध होता. आमचा संघ कर्नाटकाचा, बाकीच्या मुली बहुतेक बंगळूरु-म्हैसूरकडच्या, आणि बर्फावर आम्ही एकमेकींना कन्नडमध्ये हाका मारत असू: डावीकडे असेल तर "एडक्के", उजवीकडे "बलक्के", मागे कोणी आली तर "हिंदे". समोरच्या मुली मराठीत बोलत होत्या. सामना सुरू झाल्यावर पाच-सात मिनिटांनी माझ्या लक्षात आले की त्यांच्या बाकावरून येणारी प्रत्येक सूचना मला माझ्या आईच्या आवाजाइतकी जवळून ऐकू येत आहे. "पलीकडे दे, पलीकडे!" असे त्यांच्यातली एक ओरडली, आणि पक सुटण्याआधी माझा डावा पाय रोवला गेला. कंबर सरळ होती. मी उजव्या खांबापाशी पोचले तेव्हा पक अजून बर्फावरच होता. तो पॅडवर आदळून बाहेर गेला. त्या सामन्यात उजवीकडून एकही गोल झाला नाही. आम्ही १-२ असे हरलो, आणि दोन्ही गोल समोरून झाले.

सामन्यानंतर हात मिळवताना मी त्यांच्या कर्णधाराला म्हणाले, "छान खेळलात तुम्ही." ती क्षणभर पाहत राहिली, मग तिने विचारले, "तू मराठी? मग कर्नाटकाकडून कशी?" मी सांगितले की आमच्या बेळगावात घरात मराठी, सरकारी अर्ज कन्नडमध्ये आणि खेळ राज्याकडून, असे सगळे एकाच वेळी चालते. त्या संध्याकाळी दोन्ही संघ एका खोलीत शेगडीभोवती बसलो. आईने दिलेला बेळगावचा कुंदा थंडीने दगडासारखा झाला होता. तो शेगडीवर ठेवून मऊ केला आणि सगळ्यांनी वाटून खाल्ला.

पुढचा हिवाळा महासाथीत गेला. त्या वर्षी आमच्या संघाचे कुठेही जाणे झाले नाही.

माझ्या ओळखीची मुले-मुली मला विचारतात की आइस हॉकीत करिअर होते का. याचे उत्तर देश पाहून द्यावे लागते. उत्तर अमेरिकेत पुरुषांच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये ३२ संघ आहेत, प्रत्येकाचे हंगामात ऐंशीहून अधिक सामने होतात, आणि खेळाडूंच्या स्केटना धार लावायला प्रत्येक संघाकडे साहित्य सांभाळणारा स्वतंत्र माणूस असतो. तिथे महिलांची नवी व्यावसायिक लीग १ जानेवारी २०२४ रोजी सहा संघांनिशी सुरू झाली. त्या पहिल्या हंगामात प्रत्येक संघाच्या वाट्याला २४ सामने आले. माझ्या दहा वर्षांतल्या राज्यपातळीवरच्या सामन्यांची बेरीज करून पाहिली तर ती त्यांच्या दोन हंगामांएवढी भरत नाही. आपल्या देशात हा खेळ खेळून दरमहा पगार मिळतो तो लष्करात किंवा भारत-तिबेट सीमा पोलीस दलात असलेल्या खेळाडूंना, आणि तो जवान म्हणून मिळतो. बाकी आम्ही सगळे शिक्षक, कारकून, विद्यार्थी. तरीही २०२५ मध्ये आमच्या महिला संघाने अल ऐनला आशियाई चषकात कांस्यपदक मिळवले. त्या संघात जागा मिळवण्याची माझी वेळ निघून गेली आहे हे मला ठाऊक आहे, आणि त्याचे दुःख आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. पहिल्याच हिवाळ्यात कोणी माझ्या ब्लेडवर पट्टी आडवी ठेवली असती, तर काय झाले असते हा विचार अनेकदा मनात येतो.

म्हणूनच शाळेच्या मैदानावर इनलाइन शिकायला येणाऱ्या मुलांपैकी ज्यांना बर्फावर जायचे आहे, त्यांना मी पहिल्या दिवशी गुण्या वापरायला शिकवते. आता चार मुली आणि दोन मुले तयार होत आहेत. शेडमधला तिसरा मागही बंद झाला आहे आणि पॉलिथिनचे तक्ते आता सहा आहेत. मामा निवृत्त झाले. त्यांनी जिग आणि ग्राइंडर घरी आणून जिन्याखाली मांडला आहे.

डेहराडूनचा हिमाद्री रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी बांधला गेला होता. तो अनेक वर्षे बंद राहून २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. पावसाळा संपल्यावर मी माझ्या दोन विद्यार्थिनींना घेऊन तिथे गेले. यंत्राने गोठवलेला, आखीव रेषांचा, वाऱ्याविना शांत बर्फ. मुली कठड्याला धरून थांबायला शिकत होत्या. चाकांवरच्या मुलांना वाटते तीच भीती त्यांच्या पायांत होती. मी रिकाम्या गोलसमोर गेले, गुडघे खाली टाकले आणि डाव्या पायाने रेटा दिला. खरवडल्याचा एकच सलग आवाज आला आणि मी उजव्या खांबाला टेकले. पुन्हा केले. दहा वेळा केले, आणि दहाही वेळा आवाज तसाच आला.

संध्याकाळी मामांना फोन करून सांगितले की दोन्ही कडा सारख्या धरत आहेत. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं झालं. आता त्या दोघींचे स्केट आणलीस की पहिला इकडं घेऊन ये. दुकानात नको देऊ."